नाव बदललं, घर ओळखलं गेलं : ग्वाल्हेरच्या लष्करातलं एक प्रकरण

समाजशास्त्राच्या एका पीएच.डी. प्रबंधातला एक अध्याय वाचून ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी गृहस्थांनी औषध सोडलं आणि घरचं जेवणही सोडलं. स्किझोफ्रेनियाचं निदान होऊन त्यांना तीस वर्षं होत आली होती आणि त्यातली बरीचशी वर्षं ते व्यवस्थित होते. प्रबंध चांगला होता. संशोधक प्रामाणिक आणि कष्टाळू होती. संमतीपत्रावर सही होती, सगळी नावं बदललेली होती. तरी इजा झाली, आणि जिथून होईल अशी सगळ्यांना भीती होती तिथून ती झाली नाही.

तक्रार आल्यावर मार्गदर्शक प्राध्यापकांनी तिघांना एकत्र बसवलं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे एक मानसोपचारतज्ज्ञ, एक वकील आणि संशोधनपद्धती शिकवणारी मी. पुढचं लेखन त्या चर्चेवर आधारलेलं आहे. मात्र इथलं घर हे कुठल्याही एका घराचं चित्र नाही. शिकवण्याच्या कामात समोर आलेले एकाच जातीचे प्रसंग एकत्र करून ते उभं केलं आहे. वयं, नाती, नोकऱ्या, गल्ली, सगळं बदललेलं आहे. ग्वाल्हेर आणि इथला मराठी समाज तेवढा ठेवला, कारण तो काढून टाकला तर सांगण्यासारखं काही उरतच नाही.

समाज आणि घर

१८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्या छावणीचंच पुढे शहर झालं, म्हणून त्याचं नाव लष्कर. शिंद्यांबरोबर सरदार आले, कारकून आले, पुजारी, गवई, स्वयंपाकी आले. त्यांच्या वंशजांची घरं अजून महाराज बाड्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून, शिंदे की छावनी, जनकगंज, कंपू या भागांतून विखुरलेली आहेत. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे लोक दोन टक्क्यांहूनही कमी होते, आणि त्यांतले बहुतेक महाराष्ट्राला लागून असलेल्या जिल्ह्यांतले. ग्वाल्हेरचा मराठी समाज म्हणजे मोजकी आडनावं, एकमेकांत गुंतलेल्या सोयरिकी, गणेशोत्सवातले ठरलेले कार्यक्रम आणि चैत्रातलं हळदीकुंकू. इथे कुणी कुणाची ओळख विचारत नाही. कोणत्या घरातली, एवढंच विचारतात.

अशा एका घरात ताई आणि भाऊ राहतात. ताई साठीच्या पुढच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, अविवाहित. भाऊ त्यांच्याहून लहान. कॉलेजच्या शेवटच्या वर्षात आजार सुरू झाला: आवाज ऐकू येणं, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतायत अशी खात्री, रात्र रात्र जागणं. सुरुवातीला आईने सांभाळलं, आई गेल्यावर ताईंनी. सर्वांत धाकटे बंधू पुण्यात असतात, त्यांची मुलगी लग्नाची आहे. प्रबंधासाठी ताईंची मुलाखत झाली तेव्हा भाऊ बाजारातल्या एका दुकानात दुपारपर्यंत हिशेब लिहीत होते, दर महिन्याला स्वतः ओपीडीत जात होते आणि गोळ्या स्वतःच्या हाताने घेत होते. पुढचं सगळं समजायला ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

संशोधक काय शोधत होती

तिचा विषय मला आजही फार मोलाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९६०च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा एक मोठा अभ्यास सुरू केला. १२०२ रुग्ण होते, आणि नऊ केंद्रांपैकी एक ग्वाल्हेरच्या शेजारचं आग्रा होतं. पाठपुराव्यात असं दिसलं की आग्रा, नायजेरियातलं इबादान अशा ठिकाणच्या रुग्णांची स्थिती लंडन-वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा बरी राहिली. पुढे चंदीगडमधल्या संशोधनात, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधांत, भारतीय नातेवाइकांच्या बोलण्यात टीकेचा आणि वैराचा सूर लंडनच्या नातेवाइकांपेक्षा कमी आढळला. यातून ‘भारतात कुटुंब सांभाळून घेतं’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं. २००८ मध्ये कोहेन, पटेल, थारा आणि गुरेजे यांनी या गृहीतकालाच प्रश्न विचारले, पण वाक्य काही हललं नाही.

संशोधकाने विचारलं: कुटुंब म्हणजे कोण? सांभाळतं कोण, आणि त्याची किंमत कुणाच्या आयुष्यातून वसूल होते? आया आणि बायका यांच्याबद्दल थोडंफार लिहिलं गेलं आहे. ज्या बहिणींनी भावासाठी लग्न केलं नाही, बदली नाकारली, दुपारची झोपसुद्धा कधी घेतली नाही, त्यांच्याबद्दल जवळपास काही नाही. तिने बहिणी शोधल्या. ताई त्यांतल्या एक.

संशोधक स्वतः इथल्याच मराठी घरातली. ताईंनी तिला आत स्वयंपाकघरात बसवलं, ‘आपल्यातलीच आहेस, तुला काय सांगायचं’ म्हणाल्या, आणि मग ते सांगितलं जे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांत भाऊ औषध घेत नसत. दवाखान्यातून थेंबांचं औषध मिळालं होतं. आई ते त्यांच्या वरणात घालायची. आई गेली त्या दिवशी बाहेर माणसं जमली होती, शेजारून जेवण आलं होतं, आणि ताईंनी भावाच्या वाटीत थेंब घातले. पुढे कित्येक वर्षं घालत राहिल्या. मग भाऊ हळूहळू सावरले, डॉक्टरांशी बोलू लागले, गोळ्या घेऊ लागले, आणि ताईंनी थेंब बंद केले. भावाला कधी सांगितलं नाही.

प्रबंधातलं ते सर्वांत ताकदीचं पान होतं. परीक्षकांनी त्याचं खास कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. चोरून औषध देणं भारतीय घरांत किती सर्रास चालतं हे प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञाला माहीत आहे, पण ते देणाऱ्या बाईच्या मनात रोज काय होतं, हे इतक्या सरळपणे फार कमी ठिकाणी लिहिलेलं सापडतं.

बाहेर कसं आलं

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांपासून पीएच.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते आणि ती ‘शोधगंगा’ या भांडारात जाते. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते चालवतं. ही फार चांगली व्यवस्था आहे. तिच्यामुळे लहान गावातल्या विद्यार्थ्यालाही देशभरातले प्रबंध फुकट वाचता येतात. तिथे प्रबंध अध्यायवार ठेवलेले असतात, प्रत्येक अध्यायाची वेगळी फाइल. म्हणजे मुलाखतींचा अध्याय उघडणाऱ्याला त्याआधीचा पद्धतीचा अध्याय, ज्यात गोपनीयतेबद्दलची सगळी काळजी लिहिलेली आहे, दिसलाच पाहिजे असं नाही.

ताईंच्या नात्यातले एक निवृत्त गृहस्थ कुलवृत्तांताचं काम करतात. पूर्वजांचा वाडा कुठे होता हे शोधताना त्यांनी गल्लीचं आणि देवळाचं नाव टाकलं, आणि समोर ती फाइल आली. गल्ली खरी लिहिलेली होती. वडील संस्थानच्या कुठल्या खात्यात होते ते होतं, आईचं माहेर कुठलं ते होतं, ताईंची शाळा मराठी माध्यमाची होती हे होतं, भाऊ कोणतं वाद्य वाजवत ते होतं. ताईंचं बोलणं जसंच्या तसं, त्यांच्या हिंदी मिसळलेल्या ग्वाल्हेरी मराठीत, त्यांच्या ठेवणीतल्या वाक्यांसकट उतरवलेलं होतं. त्या गृहस्थांनी दोन परिच्छेद वाचले आणि आवाज ओळखला. त्यांना ते कौतुकाचं वाटलं. ‘आपल्या घराण्याबद्दल प्रबंधात आलं आहे’ असं लिहून त्यांनी फाइल नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. त्यात वाईट हेतू यत्किंचितही नव्हता.

पहिला फोन पुण्याहून आला. धाकटे बंधू संतापले होते: मुलीची बोलणी चालू आहेत आणि तुम्ही घरातला आजार चव्हाट्यावर मांडला. आम्हीही सुरुवातीला हेच मुख्य नुकसान धरून चाललो होतो. पण मुलाकडच्यांना सगळं आधीच माहीत होतं आणि बोलणी पुढे सरकली. लष्करातल्या कुणालाही भाऊंच्या आजाराची बातमी नवीन नव्हती.

भाऊंनी मात्र ती फाइल दुकानात बसून मोबाइलवर वाचली. दुपारी घरी आले, ताट वाढलेलं होतं, ते बाजूला सारलं आणि विचारलं, “आज वरणात काय आहे?” ताईंना उत्तर देता आलं नाही. त्या दिवसापासून भाऊ बाहेर खाऊ लागले, सकाळी बेडई, संध्याकाळी बिस्किटं. ओपीडीतल्या गोळ्याही बंद केल्या. ताईंनी विनवण्या केल्या तेव्हा म्हणाले, “इतकी वर्षं मला न विचारता दिलंत. आता मला विचारून काय करता?”

औषध थांबवण्याचा धोका काय असतो हे आकड्यांत सांगायला हवं. २०१२ मध्ये लॉयश्ट आणि सहकाऱ्यांनी अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र मांडले. त्यात औषध चालू ठेवलेल्या रुग्णांपैकी वर्षभरात २७ टक्क्यांचा आजार उलटला आणि औषध थांबवून नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी ६४ टक्क्यांचा. भाऊंची झोप काही आठवड्यांतच गेली. रेडिओवर आपल्याबद्दल बोलतायत असं ते दुकानदाराला सांगू लागले. दुकानदार शहाणा माणूस, त्याने ताईंना न कळवता आधी भाऊंनाच विचारलं, “चलायचं का डॉक्टरकडे? मी येतो बरोबर.” आणि ते गेले.

आम्हाला काय दिसलं

संशोधकाने ज्यांच्यापासून संरक्षण केलं होतं ते अनोळखी लोक होते. भोपाळच्या किंवा दिल्लीच्या वाचकाला ही ताई कोण, हे कधीच कळलं नसतं. पण अनोळखी वाचक इजा करत नाही. इजा करण्याइतका जवळ असतो तो माणूस ज्याला नावाची गरजच नसते. समाजशास्त्रज्ञ मार्टिन टोलिच यांनी २००४ मध्ये हाच फरक मांडला: गोपनीयतेला दोन बाजू असतात, एक बाहेरच्या जगाकडे तोंड केलेली आणि एक त्या गटाच्या आत, जिथे एकाने सांगितलेलं दुसऱ्याला कळतं. बहुतेक संमतीपत्रं पहिल्या बाजूचीच हमी देतात. आपल्या प्रकरणात आतला गट म्हणजे संपूर्ण लष्करही नव्हतं. दोन माणसांचं घर होतं.

याचं सर्वांत मोठं उदाहरण आयर्लंडमधलं आहे. मानववंशशास्त्रज्ञ नॅन्सी शेपर-ह्यूज यांनी १९७४-७५ मध्ये पश्चिमेकडच्या एका खेड्यात राहून, तिथल्या एकाकी अविवाहित पुरुषांत स्किझोफ्रेनिया इतका का दिसतो याचा शोध घेतला. १९७९ मध्ये पुस्तक आलं. गावाला ‘बॅलीब्रॅन’ असं खोटं नाव दिलं होतं. एका आयरिश पत्रकाराने लवकरच गाव शोधून काढलं, पण गावकऱ्यांना पत्रकाराची गरज नव्हती; त्यांनी स्वतःला आणि एकमेकांना ओळखलं होतं. तब्बल वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्या परत गेल्या तेव्हा त्यांना गाव सोडून जायला सांगितलं गेलं. नंतर त्यांनी लिहिलेला विचार मला पटतो: खोट्या नावाची सवय लेखकाला बेसावध करते. खरं नाव लिहायचं असतं तर प्रत्येक वाक्य लिहिताना समोरच्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे राहिला असता.

आमच्या बैठकीत संशोधकाने एक प्रश्न विचारला आणि तो टाळण्यासारखा नव्हता. “सगळा तपशील काढला तर उरेल काय? ‘उत्तर भारतातल्या एका शहरातली एक बहीण’? मग मी मुलाखती घेतल्याच कशाला?” तिचं म्हणणं खरं आहे. मानव्यविद्येचं बळ तपशिलात असतं. तरी आम्ही तिच्याबरोबर तो अध्याय ओळीओळीने वाचला आणि प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न केला: हे काढलं तर तिचा युक्तिवाद पांगळा होतो का? बहीण अविवाहित असणं हवंच होतं. निवृत्तिवेतन तिच्याच नावावर असणं हवं होतं. समाज लहान असणं हवं होतं, कारण बदली नाकारण्यामागे ‘इथे निदान सगळे ओळखतात’ हे कारण होतं. पण गल्लीचं नाव? देऊळ? आईचं माहेर? वडिलांचं खातं? वाद्य? यांतलं एकही युक्तिवादाला लागत नव्हतं. ते तपशील रंग भरण्यासाठी आले होते, आणि घर ओळखलं गेलं ते नेमकं त्यांच्यामुळे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती हेच सांगते: आवश्यक नसलेला ओळखीचा तपशील गाळा, आणि ओळख पटण्याची शंका असेल तर छापण्याआधी मजकूर त्या रुग्णाला दाखवा.

पण तपशील कितीही गाळले असते तरी थेंबांची गोष्ट भाऊंना कळलीच असती. ती फाइल त्यांच्या हातात पडणं एवढंच पुरेसं होतं. इथे तपशिलाचा प्रश्न संपतो आणि न विचारलेल्या माणसाचा सुरू होतो.

न विचारलेला माणूस

संमतीपत्रावर ताईंची सही होती. भाऊंची मुलाखत घेतली नव्हती, म्हणून त्यांची सही घ्यावी असं कुणाला सुचलंच नाही. अध्यायातली निम्मी वाक्यं मात्र त्यांच्याबद्दल होती: त्यांचे भास, त्यांचा राग, त्यांची आंघोळ, त्यांचं वरण.

असा प्रश्न अमेरिकेत एकदा फार तीव्रपणे उभा राहिला होता. १९९९ मध्ये व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या जुळ्यांवरच्या एका अभ्यासात मुलीला आलेली प्रश्नावली तिच्या वडिलांनी पाहिली. त्यात वडिलांना नैराश्य होतं का, शारीरिक व्यंग होतं का, असे प्रश्न होते. वडिलांनी तक्रार केली: माझ्याबद्दलची माहिती तुम्ही मला न विचारता कशी गोळा करता? २०००च्या सुरुवातीला त्या विद्यापीठातलं माणसांवरचं संशोधन काही काळ थांबवण्यात आलं. त्यानंतर ‘ज्याच्याबद्दल दुसरा बोलतो’ अशा व्यक्तीलाही सहभागी मानायचं का, यावर पुष्कळ वाद झाला. वाद अजून मिटलेला नाही, आणि त्याचं सरसकट उत्तर देता येईल असं मला वाटत नाही. प्रत्येक उल्लेखासाठी परवानगी मागायची म्हटलं तर आत्मचरित्रही लिहिता येणार नाही.

आमच्या वकील सहकाऱ्यांनी २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उघडला. कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं आणि ती पाळण्याचं कर्तव्य उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर टाकतं. समाजशास्त्राची विद्यार्थिनी त्यात बसत नाही. कलम ९९ संशोधनाबद्दल आहे. रुग्णाची मुलाखत घ्यायची असेल तर त्याची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी, असं ते सांगतं. भाऊंची मुलाखत झालीच नव्हती, म्हणजे इथेही अक्षरशः उल्लंघन नाही. पण कलम ४ वाचल्यावर आम्ही तिघेही थांबलो. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला माहिती समजत असेल, किंवा निर्णयाचे परिणाम उमगत असतील, किंवा तो सांगता येत असेल, तर तिला आपल्या उपचारांबाबत निर्णयक्षमता आहे असंच मानायचं, असं ते सांगतं. भाऊ हिशेब लिहीत होते. ओपीडीत एकटे जात होते. त्यांना विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण घरात कुणीच त्यांना काही विचारत नसे, आणि संशोधनाने घरातली ती रीत नकळत पुढे चालू ठेवली.

ग्वाल्हेरमध्ये याला आणखी एक पदर आहे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आग्रा, रांची आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांच्या कारभारावर लक्ष ठेवण्याचं काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवलं. तेव्हापासून इथे रुग्णाच्या हक्कांची चर्चा झाली की ती मानसिक आरोग्यशाळेच्या भिंतींची होते. घराच्या भिंतींआडच्या हक्कांबद्दल बोलताना आपली जीभ अडखळते, कारण तिथे समोर ताईंसारखं माणूस असतं, जिने आयुष्य वेचलं आहे. तिला दोष देणं मला शक्य नाही. त्या काळात, त्या घरात, तिच्यापुढे दुसरा रस्ता कुणी ठेवला होता? तिची गोष्ट सांगण्याचा तिला पूर्ण हक्क होता आणि आहे. भाऊंचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. या प्रकरणाची खरी अडचण हीच आहे की दोन्ही हक्क एकाच वाटीत होते.

वैद्यकातून शिकण्यासारखी एक साधी गोष्ट संशोधकाला आवडली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘केअर’ या मार्गदर्शक सूचना एका रुग्णाचं प्रकरण कसं लिहावं ते सांगतात. त्यांच्या यादीत निदान, उपचार, पाठपुरावा यांच्याबरोबरच रुग्णाचा स्वतःचा दृष्टिकोन असा एक घटक आहे. ज्या वैद्यकाला आपण मानव्यविद्येचे लोक कोरडं म्हणतो, त्याच्या तक्त्यात रुग्णाच्या बोलण्यासाठी जागा राखलेली आहे. आवाजांना जागा देण्यासाठी लिहिलेल्या या अध्यायात ज्याला आजार होता त्याचंच एक वाक्य नव्हतं.

भाऊंशी बोलणं

मानसोपचारतज्ज्ञांनी घाई केली नाही. पहिल्या भेटीत गोळ्यांचा विषयच काढला नाही. एवढंच म्हणाले, की तुमचा राग आजारातून आलेला नाही, तुमच्या बाबतीत जे घडलं त्यातून आलेला आहे. माझ्या समजुतीप्रमाणे उपचार तिथून सुरू झाले. रुग्णाचा प्रत्येक राग लक्षणांच्या रकान्यात टाकायची आपल्याला सवय असते. पुढे औषध कोणतं, किती, गोळी की महिन्याचं इंजेक्शन, हे भाऊंसमोर बसून ठरलं. जेवणाबद्दल त्यांनी स्वतःच अट घातली: काही दिवस मी माझं मी वाढून घेईन, पातेल्यातून. ताईंनी ती मानली. झोप परत यायला वेळ लागला, दुकान पुन्हा सुरू व्हायला त्याहून जास्त.

मग संशोधक त्यांना भेटली, अध्यायाची छापील प्रत घेऊन. कोणता मजकूर ठेवायचा, कोणता काढायचा, हे तुम्ही सांगा, असं म्हणाली. आम्हा सगळ्यांची खात्री होती की ते थेंबांचा भाग काढायला सांगतील. त्यांनी तो ठेवायला सांगितला. “राहू द्या. होतं असं घरोघरी. पण खाली माझं पण लिहा.” आणि जे काढायला सांगितलं ते पान कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. तरुणपणी एका सार्वजनिक कार्यक्रमात घडलेला, आजाराशी फारसा संबंध नसलेला एक छोटा प्रसंग होता तो. तो मी इथेही लिहीत नाही. अध्यायात तो संशोधकाला निरुपद्रवी, उलट थोडा गोड वाटला होता.

दुसऱ्याच्या आयुष्यातलं काय नाजूक आहे हे बाहेरून ठरवता येत नाही, हे मी वर्गात कितीतरी वेळा सांगितलं असेल. त्या दिवशी ते मला नव्याने समजलं. निदान, औषध, भास ही आपल्याला संवेदनशील वाटणारी माहिती. भाऊंनी तीस वर्षं त्या सगळ्यासह जगून तिच्याशी कसंबसं जमवून घेतलं होतं. त्यांना झाकून हवं होतं ते वेगळंच.

पुढची व्यवस्था

ग्रंथालयामार्फत ती फाइल मागे घेऊन दुरुस्त फाइल चढवायला पुष्कळ पत्रव्यवहार लागला. ज्यांनी आधी उतरवून घेतली त्यांच्याकडे जुनी राहिलीच, आणि व्हॉट्सअॅपवरून काही परत आणता येत नाही. कुलवृत्तांताचं काम करणाऱ्या गृहस्थांना ताई स्वतः भेटून आल्या. त्यांनी ग्रुपवर एक शब्दही न लिहिता आपला संदेश काढून टाकला, हे मला त्यांच्या समंजसपणाचं लक्षण वाटतं.

विभागाने दोन गोष्टी मान्य केल्या. एक, आरोग्याशी संबंधित मुलाखती असलेला प्रत्येक संशोधन आराखडा नीतिमत्ता समितीकडे जाईल, मग विभाग कोणताही असो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनासाठी स्वतंत्र विभाग आहेच. तो मानव्यविद्येच्या विभागांत कुणी उघडत नव्हतं. दोन, संमती दोनदा घेतली जाईल: मुलाखतीआधी एकदा, आणि मजकूर लिहून झाल्यावर, तो समोर ठेवून, पुन्हा एकदा. कॅरेन कायझर यांनी २००९मध्ये मुलाखतीनंतरचं वेगळं संमतीपत्र सुचवलं होतं. आमचा मराठी आणि हिंदी मसुदा त्या कल्पनेवर बेतलेला आहे. त्यात एक ओळ माझ्या आग्रहामुळे आली: ‘हा मजकूर तुमच्या घरातल्या कुणी वाचला तर काय होईल, यावर आपण बोललो आहोत.’ ही ओळ वाचून काही सहभागी माघार घेतील, मुलाखती कमी मिळतील, अशी काही प्राध्यापकांची तक्रार आहे. तसं होईल. ज्या मुलाखती या ओळीने गळतील त्या गळलेल्याच बऱ्या, असं मी त्यांना सांगितलं.

जिच्याबद्दल दुसरा बोलतो त्या व्यक्तीला केव्हा विचारायचं, याबद्दल विभागात एकमत झालेलं नाही. सासरच्या छळाबद्दल बोलणाऱ्या बाईला ‘आधी सासूची सही आण’ म्हणणं हा अन्यायच आहे, हा आक्षेप रास्त आहे. मी सुचवलेला निकष असा: ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो बोलणाऱ्यापेक्षा दुबळ्या जागी असेल, आणि मजकुरातली बातमी त्याला स्वतःलाच माहीत नसेल, तर विचारल्याशिवाय छापू नये. यावर चर्चा चालू आहे.

संशोधकाला आता त्या अध्यायावरून एका नियतकालिकासाठी लेख लिहायचा आहे. मसुदा तिने ताईंना आणि भाऊंना वेगवेगळा वाचून दाखवला. ताईंनी होकार दिला. भाऊंनी त्यांच्या नावे येणाऱ्या परिच्छेदात दोन दुरुस्त्या केल्या आणि बाकीच्यासाठी दिवाळीपर्यंत वेळ मागितला. नियतकालिकाची मुदत त्याआधीची आहे. तिने संपादकांना लेख या अंकात येणार नाही असं कळवलं आहे.